लिथुआनियन लग्नात नवऱ्या मुलाने तिथला पोशाख घालायचा तर काय घ्यावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मूळचे नाशिकचे, सध्या व्हिल्नियसमध्ये नोकरीला. होणारी बायको लिथुआनियन, तिचं माहेर उतेनाजवळच्या एका खेड्यात. लग्न जुलैमध्ये, गावच्या चर्चमध्ये आणि नंतर घरच्या अंगणात. मुलीच्या आजींची इच्छा आहे की जावयाने त्या दिवशी ‘ताउतिनिस कोस्तिउमास’, म्हणजे त्यांचा राष्ट्रीय पोशाख घालावा. यांनी ऑनलाइन एक तयार संच पाहून ठेवलाय: छातीभर लाल भरतकाम असलेला शर्ट, चकचकीत जाकीट आणि कमरेला पिवळा-हिरवा-लाल पट्टा. हाच घेऊ का, मी सोंग काढल्यासारखा दिसेन का, डोक्याला फेटा चालेल का आणि लग्नानंतर हे कपडे कधी वापरता येतील, असं त्यांनी विचारलंय.

मी काउनासमध्ये लोकनृत्य मंडळांचे आणि लग्नघरांचे कपडे बेतते, शिवते, बरीच वर्षं हेच काम करते आहे. त्यामुळे मत आधीच सांगून टाकते. पोशाख जरूर घाला, पण तो संच घेऊ नका. नगांची संख्या कमी ठेवा आणि जे घ्याल ते खरं घ्या.

तुमची अडचण कुठला शर्ट निवडायचा ही नाहीच. खरी अडचण अशी की ‘राष्ट्रीय पोशाख’ या एका नावाखाली इथे तीन निराळ्या गोष्टी मिळतात आणि दुकानदार तो फरक सांगत बसत नाही. पहिली म्हणजे १९व्या शतकातल्या शेतकऱ्यांचे सणासुदीचे कपडे. दुसरी म्हणजे रंगमंचावरचा पोशाख. सोव्हिएत काळात मोठमोठी नृत्यपथकं उभी राहिली, त्यांच्यासाठी लांबून उठून दिसतील असे भडक, सगळ्यांना सारखे, चमकदार कापडाचे कपडे तयार झाले. तिसरी म्हणजे त्याहून कितीतरी जुनी: प्राचीन बाल्टिक टोळ्यांच्या कबरींत सापडलेल्या अवशेषांवरून पुन्हा घडवलेला वेश, त्यात कांस्याचे ब्रोच आणि जाड लोकरी झगे असतात. तिन्हींना आपापली जागा आहे. पण आजींच्या डोळ्यांसमोर आहे तो पहिला, आणि तुम्ही पाहिलेला संच दुसऱ्या जातीचा आहे. मिरवणुकीतल्या पथकाचा गणवेश आणि घरच्या लग्नात नेसलेलं धोतर यांत जो फरक, तोच इथे. पथकाचा गणवेश वाईट नसतो, पण नवरा मुलगा तो घालून बोहल्यावर उभा राहत नाही. सोंग वाटण्याची तुमची भीती त्या संचापुरती अगदी रास्त आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. लग्नात आणखी कुणी पुरुष हा पोशाख घालणार आहेत का? मुलगी स्वतः घालणार आहे का? ती पांढरा गाऊन घालणार असेल आणि तुम्ही एकटेच पूर्ण पारंपरिक वेशात असाल, तर फोटोत दोघं दोन वेगळ्या लग्नांतली दिसाल. अशा वेळी पूर्ण पोशाख चर्चमध्ये न घालता संध्याकाळी, जेवण आणि नाच सुरू होईल तेव्हा घालावा. दुसरं म्हणजे खर्च. हाताने विणलेल्या कापडाचा पूर्ण संच करायचा म्हटलं तर काम शेकडो युरोंत जातं. तेवढा खर्च करायचा नसेल तर मंडळांकडून किंवा भाड्याने पोशाख मिळतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त भाड्याने घेतानासुद्धा खाली सांगितलेल्या खुणा बघून घ्या.

आता प्रदेश. लिथुआनियात पोशाखाचे पाच मुख्य प्रदेश मानतात: औक्श्ताइतिया, झेमैतिया, द्झूकिया, सुवाल्किया आणि समुद्राकाठचा क्लाइपेदा भाग. उतेना औक्श्ताइतियात येतं, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथेच सुटला. जावयाने सासरच्या गावचा वेश घालणं सगळ्यांना आवडतं, आणि तुमचं स्वतःचं मूळ इथलं नसल्यामुळे दुसरा पर्यायही नाही. बायकांच्या पोशाखात प्रदेशाप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक असतो: एप्रनची नक्षी, घागऱ्याच्या चौकटी, डोक्यावरचं वस्त्र, सगळंच बदलतं. पुरुषांच्या पोशाखात फरक बारीक आहेत, आणि एकूणच तो फार शांत आहे.

असं का, हे समजलं की खरेदी सोपी होते. बायकांचे सणाचे कपडे हुंड्याच्या पेटाऱ्यात जपून ठेवले जात, आईकडून मुलीकडे जात. पुरुषांचे कपडे मात्र अंगावरच झिजून गेले. १८६१ मध्ये रशियन साम्राज्यात वेठबिगारी संपली, सुवाल्कियात तर शेतकरी १८०७ मध्येच मोकळा झाला होता. हातात पैसा आला, गिरणीचं कापड आलं, आणि शहरी धाटणीचा कोट-पाटलोण आधी पुरुषांनी उचलला. म्हणून संग्रहालयांत बायकांचे कपडे भरपूर आणि पुरुषांचे त्यामानाने थोडेच. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९२४ मध्ये काउनासला पहिला गीत महोत्सव, म्हणजे देशभरच्या गायनमंडळांचा मेळावा, भरला, आणि मग राष्ट्रीय पोशाख कसा असावा याचा नीट विचार सुरू झाला. आंतानास तामोशाइतिस आणि आनास्तासिया तामोशाइतिएने या कलावंत दांपत्याने त्या काळात गावोगावचं विणकाम गोळा केलं, नमुने केले, शिकवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कॅनडात गेले आणि तिथल्या लिथुआनियन लोकांतही हे काम त्यांनी जिवंत ठेवलं. म्हणजे आज आपण जो पुरुषांचा पोशाख शिवतो तो थोडा जपलेला आणि बराचसा अभ्यासाने जुळवलेला आहे. त्यात रंगांची उधळण नसते. त्याची शान कापडात, बेतात आणि कमरेच्या एका पट्ट्यात आहे. ही गोष्ट पटली तर अर्धा बाजार आपोआप बाद होतो.

शर्टापासून सुरुवात करा, पैसे तिथे घाला. शर्ट लिननचा, पांढरा किंवा किंचित पिवळट. जुना बेत अगदी साधा असतो: सरळ आयताकृती तुकडे, खांद्यापाशी फारशी गोलाई नाही, आणि काखेत चौकोनी कळी. ही कळी बघाच. घालून दोन्ही हात सरळ वर करा. कळी नीट बसली असेल तर शर्ट कमरेतून वर ओढला जात नाही. बाजारातल्या स्वस्त शर्टात कळीच नसते, त्यामुळे नाचताना हात उचलला की पोट उघडं पडतं. दुसरी खूण म्हणजे गळ्याची चीर. ती छातीच्या मधोमध हवी. एका बाजूला असेल तर तो रशियन धाटणीचा शर्ट आहे, आणि आजींच्या पिढीला ते पहिल्या नजरेत कळतं. तिसरी खूण भरतकामाची. कॉलरवर, कफांवर आणि गळ्याच्या चिरेच्या कडेला बारीक काम असावं, पांढऱ्यावर पांढरं किंवा लाल दोऱ्याची एखादी अरुंद ओळ. छातीभर रुंद लाल नक्षी असलेले जे शर्ट ‘बाल्टिक’ म्हणून विकतात, ते बहुतेक युक्रेनी शर्टाच्या धर्तीवरचे असतात. युक्रेनी शर्ट सुंदरच असतो, पण तो त्यांचा आहे. बटणं लाकडाची, हाडाची किंवा दोऱ्याची घ्या.

एक कामाची गोष्ट सांगते. शर्ट शिवून घेणार असाल तर कापड आधी धुऊन, वाळवून मगच शिंप्याच्या हातात द्या. लिनन पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी बाह्या मनगटाच्या वर गेल्या तर काही उपाय राहत नाही. इस्त्री कापड दमट असतानाच करायची, पूर्ण वाळलं की चुण्या हटत नाहीत.

विजार साधी, सरळ, फार ढगळ नाही. उन्हाळ्यात लिननची, पांढरट किंवा करडी; बारीक रेघांची किंवा चौकटीचीही चालते. त्यात फार विचार करू नका. घरातल्या एखाद्या चांगल्या करड्या लिननच्या पॅंटवर भागलं तरी मला चालेल.

जाकीट, म्हणजे बिनबाह्यांची ‘लिएमेने’, पुरुषांच्या अंगावर शहरी फॅशनमधून आली आणि मग गावचीच झाली. ती लोकरीची किंवा लोकर-मिश्र कापडाची, गडद, बहुधा उभ्या रेघांची असते. साटीनची चमक आणि सोनेरी गोफ असेल तर ते रंगमंचाचं समजा. मापाकडे मात्र काटेकोर लक्ष द्या. पाठीला आणि कमरेला नीट बसली पाहिजे, कारण सैल जाकिटावर पट्टा बांधला की पाठीवर फुगा येतो.

वरून घालायचा लांब कोट म्हणजे ‘सेर्मेगा’. पूर्ण पोशाखातला सगळ्यात भारदस्त नग हाच. तो ‘मिलास’ नावाच्या कापडाचा असतो: लोकर विणून, पाण्यात चेपून-कुटून घट्ट केलेलं जाड कापड, बहुधा न रंगवलेलं, मेंढीच्याच करड्या, तपकिरी किंवा पांढऱ्या रंगाचं. कमरेत बसता आणि खाली घेर असलेला. अंगावर चढला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. पण तुमचं लग्न जुलैत आहे आणि तुम्ही नाचणार आहात. म्हणून सेर्मेगा विकत घेऊ नका. कुणाकडून मिळाली तर चर्चमध्ये आणि फोटोंसाठी घाला, अंगणात आलात की काढून ठेवा. शर्ट, जाकीट आणि पट्टा एवढ्यावर उन्हाळ्याचा पोशाख पूर्ण होतो, त्यात काही उणं राहत नाही.

आता पट्टा, म्हणजे ‘युओस्ता’. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण पुरुषाच्या पोशाखातला रंग इथेच असतो. हे पट्टे लोकर, लिनन, सुताचे, भौमितिक नक्षीचे असतात. काही गुंफलेले, काही मागावर विणलेले, काहींत एकेक धागा उचलून नक्षी काढलेली. कमरेला फिरवून, गाठ मारून दोन्ही टोकं खाली सुटी सोडायची, म्हणून लांबी भरपूर लागते. दोन-अडीच मीटरपेक्षा आखूड घेऊ नका. विकत घेताना पट्टा उलटा करून बघा. छापील नक्षी असेल तर मागची बाजू कोरी किंवा फिकट दिसते. विणलेल्या पट्ट्यात वीण दोन्हीकडे दिसते, आणि उचलून विणलेल्या बऱ्याच पट्ट्यांत मागच्या बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन उमटते. एकदा हे पाहिलंत की पुन्हा फसणार नाही.

आणि तो पिवळा-हिरवा-लाल पट्टा नको. ते झेंड्याचे रंग आहेत, झेंडा ठरला १९१८ मध्ये. जुन्या पट्ट्यांत हे तिन्ही रंग वेगवेगळे भेटतात, पण झेंड्याच्या क्रमाने पट्टेच्या पट्टे, तेही चकचकीत दोऱ्यात, ही अलीकडच्या स्मरणिकांची रीत. बास्केटबॉलच्या सामन्याला तो छान दिसतो. लग्नात नाही.

पण त्याहून महत्त्वाचं: पट्टा विकत घेण्याआधी थांबा. लिथुआनियन लग्नात नवरी स्वतः विणलेले पट्टे आणि टॉवेल नवऱ्याला आणि त्याच्या माणसांना भेट देत असे. मुलीच्या पेटाऱ्यात असे किती पट्टे जमलेत, यावर तिची हातोटी जोखली जायची. तुमची होणारी बायको विणत नसेलही, पण आजींच्या कपाटात एखादा जुना पट्टा असण्याची शक्यता चांगलीच आहे. तुम्ही दुकानातला घेऊन गेलात तर त्यांना देण्यासारखं काही उरणार नाही. तेव्हा मुलीमार्फत नुसतं विचारा की पट्टा कुठला बांधू. त्या स्वतःचा काढून देतील, नाहीतर कुठला आणायचा ते सांगतील. गाठ कुठल्या बाजूला, टोकं किती लांब, हेही त्यांनाच ठरवू द्या आणि बांधूनही त्यांच्याकडूनच घ्या. जुन्या पट्ट्याला पिन टोचू नका, धागा तुटतो.

याच रीतीतून आणखी एक प्रकार तुमच्यापुढे येऊ शकतो, आधी माहीत असलेला बरा. लग्न जुळवणारा ‘पिर्श्लिस’ म्हणून एक माणूस असतो. आजकाल तो खरोखर स्थळं आणत नाही, मान म्हणून नेमतात. समारंभाच्या शेवटी त्याच्यावर आरोप होतो की नवऱ्याच्या श्रीमंतीबद्दल तू खोटं बोललास, आणि त्याला फाशीची शिक्षा सुनावतात. मग नवरी त्याच्या अंगावर टॉवेल किंवा पट्टा बांधून त्याला सोडवते. तुमचा एखादा मराठी मित्र पिर्श्लिस होणार असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा, आणि त्याच्यासाठीही एक पट्टा बाजूला काढा.

पायात साधे, गडद, चामड्याचे बूट, नक्षी नसलेले. एका अखंड चामड्याच्या तुकड्याची ‘नागिनेस’ नावाची पायताणं मिळाली तर फारच उत्तम; त्यांच्या दोऱ्या पोटरीभोवती गुंडाळतात. लिंडेनच्या सालीची विणलेली ‘वीझोस’ ही रोजच्या कामाची पायताणं, लग्नात नकोत. लाकडी ‘क्लुम्पेस’ फोटोत आकर्षक दिसतात, पण ती प्रामुख्याने झेमैतिया आणि सुवाल्कियाकडची, आणि सवय नसलेल्या माणसाने ती घालून गवतावर नाचायला जाऊ नये. स्पोर्ट्स शूज मात्र कुठल्याही कारणाने नाहीत.

डोक्याला जुलैत गवताची टोपी, म्हणजे स्ट्रॉ हॅट. चर्चमध्ये शिरताना काढायची. टोपीला किंवा छातीला हिरवी डहाळी लावतात ती ‘रूता’ची. ही वनस्पती तुम्ही ओळखत असाल: आपल्याकडची सताप, लहान मुलांसाठी परसात लावतात तीच. इथे ती कुमारिकेचं चिन्ह, नवरीच्या मुकुटात असते, आणि लोकगीतांत तर पदोपदी येते. तुमच्या आईला ती हातात देऊन बघा, वासावरून लगेच ओळखतील.

यावरून फेट्याकडे येते. सेर्मेगा किंवा लिननच्या शर्टावर फेटा बांधू नका, अशी माझी स्पष्ट विनंती. दोन्ही पोशाख आपापल्या जागी पूर्ण आहेत. अर्धा हा आणि अर्धा तो केला की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आपली गोष्ट अर्धवट झाल्यासारखी वाटते. तुमचा वैदिक विधीही होणार असेल तर तिथे धोतर, उपरणं, फेटा सगळं व्यवस्थित करा, आणि अंगणातल्या लग्नाला लिथुआनियन पोशाख तितक्याच व्यवस्थित. तुमच्या आई-वडिलांनी मात्र आपलेच कपडे घालावेत. आईंनी पैठणी नेसावी. उगाच त्यांना एप्रन आणि मुकुट चढवू नका, त्यात त्याही अवघडतील आणि इथली मंडळीही. त्यांना कुणी पट्टा भेट दिला तर तो तेव्हाच खांद्यावर घ्यावा, एवढं पुरे. दारात पाव आणि मीठ घेऊन स्वागत होईल, तेव्हा पावाचा तुकडा मिठाला लावून खायचा, हेही त्यांना आधीच सांगा.

थोडक्यात तुमची यादी अशी: लिननचा चांगला शर्ट शिवून घ्या, जाकीट मापाचं करून घ्या किंवा भाड्याने आणा, विजार आणि बूट असतील ते नीट बघून वापरा, पट्टा आजींकडून, सेर्मेगा मिळाली तर उसनी.

लग्नानंतर यातला शर्ट सगळ्यात जास्त वापरात राहील. २३ जूनच्या रात्री योनिनेसला, म्हणजे शेकोट्यांच्या आणि पानाफुलांच्या मुकुटांच्या सणाला, लोक हौसेने लिनन घालतात. ६ जुलै हा मिंदाउगास राजाच्या १२५३ मधल्या राज्याभिषेकाचा दिवस. २००९ पासून त्या रात्री व्हिल्नियसच्या वेळेनुसार नऊ वाजता जगभरचे लिथुआनियन एकत्र राष्ट्रगीत गातात. तिथे शर्ट आणि पट्टा शोभतो. गीत महोत्सवात गाणार किंवा नाचणार असाल तर अर्थातच पूर्ण पोशाख. ऑफिसच्या एखाद्या समारंभाला तोच शर्ट साध्या ब्लेझरखाली घाला, किंवा पट्ट्याच्या विणीचा अरुंद टाय बांधा. असे टाय इथे आणि परदेशातल्या लिथुआनियन लोकांत सर्रास चालतात. जीन्सवर मात्र रुंद पट्टा बांधू नका. पट्ट्याचं वजन पेलायला लिनन किंवा लोकर लागते, डेनिमवर तो नुसता लोंबतो.

वेळेचं गणित एवढंच. चांगल्या विणकरांकडे आणि आमच्यासारख्यांकडे उन्हाळ्याच्या आधी गर्दी असते, तेव्हा जुलैचं लग्न असेल तर मार्चमध्ये कापड हातात हवं. मार्चच्या सुरुवातीला व्हिल्नियसला काझ्युकासची जत्रा भरते, तिथे विणकर स्वतः बसतात. मुलीला घेऊन जा, लिनन हाताळून बघा, पट्टे उलटे करून बघा आणि त्या दिवशी फक्त कापड घ्या. त्याआधी एखादा रविवार काउनासजवळच्या रुम्शिश्केसच्या खुल्या संग्रहालयात घालवलात तर औक्श्ताइतियाची घरं आणि जुनं जीवन डोळ्यांनी पाहून होईल. मापं घेताना गळा, खांदे, मनगट, कमर यांबरोबर हात वर करून काखेपासून कमरेपर्यंतचं माप आठवणीने घ्या, कळी त्यावर बेततात. लोकरीच्या वस्तू वापरल्यावर वाऱ्यावर टाकून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या, नाहीतर कसर लागते. आजींचा पट्टा मशीनमध्ये टाकू नका, त्यांना विचारल्याशिवाय धुऊही नका.